दोन रंगांची हिरवळ

आमच्या घरामागे पोहायचं टाकं आहे हे मी सहसा कोणाला सांगत नाही. सांगितलं की समोरचा माणूस मला वरून खालपर्यंत पाहतो, सुती साडी, रबरी चप्पल, हातात भाजीची पिशवी, आणि मग विचारतो, "स्विमिंग पूल म्हणजे, खराखुरा?" खराखुरा नाही तर काय कागदाचा? चोवीस फूट लांब, दहा फूट रुंद. कुठंही उभं राहिलं तरी पाणी छातीच्या वर येत नाही. निळ्या टाइल्स आहेत, उतरायला चार पायऱ्या आहेत, धरायला स्टीलचा कठडा आहे. आमच्या घरात त्याला कोणी पूल म्हणत नाही, टाकंच म्हणतात.

ते नवऱ्याचं खूळ. बुटीबोरीच्या एका कारखान्यात तीस वर्षं बॉयलरपाशी काढली त्यांनी. गावी विहिरीत उड्या मारत मोठा झालेला माणूस, नागपुरात आला आणि त्याची आंघोळ बादलीत आली. रिटायर झाले त्याच आठवड्यात त्यांनी मागच्या आंगणात चुन्यानं चौकोन आखला आणि मला म्हणाले, "आगीपाशी लय दिवस राह्यलो. आता पाण्यात राहीन." मला तिथं वांगी आणि मेथी लावायची होती. महिनाभर भांडले. शेवटी गप्प बसले, पण ती वांगी मी कितीतरी वर्षं विसरले नाही.

मी स्वतः टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होते. दिवसभर कानाला हेडफोन, तोंडात "आपण" आणि "कृपया", आणि घरी आलं की "मले" आणि "तुले". कानाचं काम असल्यानं कान तिखट झाले. नुसत्या श्वासावरून सांगायचे, समोरचा खोटं बोलून राहिला की खरं. आम्हाला तिथं पहिल्याच दिवशी एक नियम शिकवला होता. लाइन लागली, दोन्हीकडचे बोलायला लागले, की आपण कान काढून घ्यायचा. ऐकत बसायचं नाही. हा नियम मी ऑफिसात इमानानं पाळला. घरी कधी पाळला नाही, हे कबूल करते.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी दाढी करता करता नवऱ्याच्या हातातून आरसा पडला. मी स्वयंपाकघरातून ओरडले, "फुटला ना आरसा?" उत्तर आलं नाही. लकवा होता. डावी बाजू गेली. दोन महिन्यांत बोलणं परत आलं, हात अर्धा आला, पाय मात्र ओढतच राहिला. डाव्या तळव्याला तर काही म्हणजे काही समजेना. डॉक्टरनं टाचणी टोचली तर हे शांतपणे विचारायचे, "टोचली काय?"

मग व्यायाम शिकवायला येणारी पोरगी म्हणाली, "घरात पाणी आहे ना तुमच्या? मग यांना पाण्यात चालवा. पाणी वजन उचलून धरतं." पहिल्या दिवशी एका बाजूनं मुलगा, दुसऱ्या बाजूनं मी, असं धरून आम्ही त्यांना उतरवलं. छातीभर पाण्यात गेल्यावर त्यांनी आमचे दोघांचेही हात झटकले आणि चालायला लागले. काठी नाही, कोणाचा खांदा नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ चालत गेले आणि तिकडून म्हणाले, "आता बोला." मी पायरीवर बसून रडले. वांग्यांचं दुःख त्या दिवशी संपलं.

पुढची दोन वर्षं तोच आमचा नेम. मागच्या दारापासून टाक्याच्या कठड्यापर्यंत बारा पावलं. खाली कोटा फरशी. मी आत पोहे परतत असायचे आणि कानानं मोजत असायचे. काठीचा टक, मग पाय घासल्याचा आवाज, पुन्हा टक. बारा टक झाले की पाणी वाजायचं आणि मी गॅस बंद करायचे.

मागच्या डिसेंबरात सात टक झाले आणि आठवा आलाच नाही. ओल्या फरशीवर काठी सरकली होती. त्या दिवशी नेमका मुलगा आलेला होता. तो शहरातच राहतो, हिंगण्याला कंपनीत आहे, सुट्टीच्या दिवशी येतो. त्यानंच बापाला उचललं. भुवईवर चार टाके पडले. मुलाच्या शर्टावर जे रक्त लागलं ते त्यानं कितीतरी वेळ धुतलंच नाही, तसाच बसून राहिला.

त्यानंतर नवरा मागच्या दारात गेला नाही. खोलीत टीव्हीसमोर बसायचे. मी म्हटलं, मी आणि पोरगा दोघं धरून नेऊ, खुर्चीवरून नेऊ. म्हणाले, "मी काय सोफासेट आहो? पायानं गेलो तं जाईन, नाही तं नाही." व्यायाम बंद झाला. दोन महिन्यांत पाय असा आखडला, की पलंगावरून उठायलाही माझा हात लागायला लागला. माणूस डोळ्यांसमोर जात होता आणि टाक्यातलं पाणी तसंच निळंगार.

मुलगा म्हणाला, "आई, बुजवून टाकू ते टाकं. वरून पेव्हर ब्लॉक बसवू. गाडी लागंल, बाबाले उन्हात खुर्ची टाकून बसता येईन."

"उन्हात खुर्ची टाकून बसायला ते काय वाळवण आहेत?" मी म्हटलं.

"तू पाह्यलं नाही ते पडले तवा. मी पाह्यलं."

त्यानं खरंच पाहिलं होतं, आणि त्याच्या आवाजात भीती होती, चीड नव्हती. शेवटी आमचा करार झाला. मी काहीतरी करून ती बारा पावलं न घसरणारी करीन. पण अजून एकदा त्यांना काही लागलं, एकदाच, तर टाकं बुजेल आणि मी तोंड उघडणार नाही. मी हो म्हटलं. मनात म्हटलं, पाहूच कोण बुजवते ते.

उपाय सापडला तो भाचीच्या लग्नात. लॉनवर कारंज्याभोवती प्लास्टिकची हिरवळ अंथरली होती, कारंज्याचं पाणी उडून ती चिंब झालेली, आणि त्यावरून वीसेक पोट्टे धावत होते. एकही घसरला नाही. मी जेवण सोडून उठले, चप्पल काढली, ओल्या हिरवळीवर पाय घासून पाहिला, जोर लावून पाहिला. हलला नाही. नवरीची आत्या काहून नाचून राहिली म्हणून लोक पाहत होते. पाहू दे. नवरीची पाठवणी व्हायच्या आधी मी ते अंथरणाऱ्या माणसाचा ठावठिकाणा काढला.

तो गांधीबागेकडचा बिछायतवाला निघाला. बापाच्या काळापासून लग्नामांडवात सतरंज्या, गाद्या, जाजमं अंथरायचा धंदा, आता त्यात ही हिरवळ आली. पन्नाशीचा माणूस, कानावर पेन्सिल, बोलणं अर्धं हिंदीत. आंगणात आला, इकडेतिकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "काकू, स्टेज कुठी राहीन?"

"स्टेज नाही भाऊ. टाकं आहे."

"तसं नाही. पाहुणा कुठून येते अन् कुठी पाहते, ते सांगा. या गवताच्या पात्या एकीकडे झुकेल राह्यते. पाहुण्याले सगळीकडून एकच हिरवा दिसला पाहिजे, नाही तं माल हलका वाटते."

मी त्याच्या हातातला नमुन्याचा तुकडा घेतला आणि हात फिरवून पाहिला. एका बाजूनं मऊ, मांजरीच्या पाठीवरून फिरवावा तसा. उलट फिरवला की पात्या उभ्या राहून अडवतात. माझ्या डोक्यात लगेच नवऱ्याचा डावा पाय आला. तो उचलला जात नाही, घासत येतो. उलट पात्यांत अंगठा अडकला की संपलं.

मी त्याला म्हटलं, चार फुटांचा एक लांब तुकडा अंथरा. मग आतून टॉवेल आणला आणि डाव्या गुडघ्याला असा आवळून बांधला, की पाय वाकू नये. नवऱ्याची काठी घेतली आणि तो पाय ओढत त्या तुकड्यावरून गेले. पात्या पुढे झुकलेल्या, पाय सुळकन निघाला. वळून परत आले, तर दुसऱ्याच पावलाला अंगठा अडला आणि मी बिछायतवाल्याच्या अंगावर गेले. त्यानं मला धरलं आणि म्हणाला, "काकू, पडून दाखवू नोका. समजलं मले."

"काय समजलं?"

"जायाले चांगलं, यायाले वंगाळ."

"मग दोन पट्ट्या टाका. एक जायची, एक यायची. जायचीच्या पात्या टाक्याकडे, यायचीच्या घराकडे."

त्यानं कानावरची पेन्सिल काढली आणि परत ठेवली. "दोन रंग दिसतीन ना काकू. एक पट्टी गर्द दिसन, एक फिक्कट. लोक म्हणतीन, बिछायतवाल्याले अक्कल नव्हती."

"लोकांना माझ्याकडे पाठवा," मी म्हटलं.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण आमचं आंगण खरंच वाकडं निघालं. फरशीचा उतार घराकडे होता, पाणी मागच्या दाराशी साचायचं. बिछायतवाल्याला वाटलं, आहे त्यावर चिकटवून मोकळं व्हावं. मी म्हटलं, खाली पाणी राहिलं तर शेवाळ धरेल, वास मारेल. तो म्हणाला, "इतकं कोण पाह्यते काकू?" तेव्हा मला समजलं, या माणसानं आयुष्यभर जे अंथरलं ते दुसऱ्या सकाळी उचललं. त्याच्या हाताला उद्याची सवयच नाही.

"भाऊ," मी म्हटलं, "तुमची बिछायत सकाळी उठते. माझी उठणार नाही. आम्ही उठलो तरी ती राहील, अशी टाका."

ही गोष्ट त्याला लागली बहुतेक. दुसऱ्या दिवशी तो मिस्त्री घेऊन आला. फरशीच्या दोन ओळी काढल्या, उतार कंपाउंडकडे फिरवला, कडेला पाणी जायला नाली केली. पात्यांखाली जाळीदार चटई अंथरली, पाणी खालून वाहून जावं म्हणून. जोडाला पट्टा आणि गोंद. कडा कात्रीनं न कापता पाठीकडून ब्लेडनं कापल्या. तिसऱ्या दिवशी तो एका जोडावर दीड तास बसला. मी चहा घेऊन गेले तर म्हणाला, "हात फिरवा, जोड सापडला तं सांगा." मला सापडला नाही. मी त्याला दुसरा कप दिला.

फेब्रुवारीच्या शेवटी काम झालं. एक पट्टी गर्द, एक फिक्कट, मधोमध सरळ रेघ. बिछायतवाला कडेशी उभा राहिला, चप्पल काढली, मग हिरवळीवर पाय ठेवला. त्याची माणसंही तशीच. कोणी कोणाला सांगितलं नाही. आपल्याकडे अंथरलेल्यावर कोणी चप्पल घालून चढतं का? सतरंजी असो, जाजम असो, बिछायतीला पाय लागायचा तो उघडा. मुलगा रविवारी आला आणि बुटासकट निघाला तर मी मागून ओरडले, "अरे भैताडा, बूट काढ." दूधवाल्यापासून शेजारणीपर्यंत सगळ्यांच्या चपला कडेशी ओळीनं लागायच्या, घरात सत्यनारायण असल्यासारख्या. मला तर ते पाहून बरंच वाटायचं.

आणि नवरा चालला. पहिल्या दिवशी कडेशी थांबले, काठी मला धरायला दिली, चप्पल काढली, काठी परत घेतली, आणि जायच्या पट्टीवर पाय ठेवला. मी एक पाऊल मागे, माझा उजवा हात त्यांच्या कमरेच्या पट्ट्याजवळ. बारा पावलं. पाय कुठंच अडकला नाही. मार्चभर रोज गेलो. पंधरा दिवसांत पलंगावरून स्वतः उठायला लागले. मुलानं फोनवर विचारलं, "पेव्हरवाल्याले काय सांगू?" मी म्हटलं, "त्याला म्हण, स्वतःच्या आंगणात बसव."

एक गोष्ट मी पाहिली नव्हती. गुडघा बांधून पाहिलं, पाणी ओतून पाहिलं, सकाळी पाहिलं, संध्याकाळी पाहिलं. पण पाहिलं ते सगळं फेब्रुवारीत. करायला गेले गणपती अन् झाला मारुती, ते असं होतं. प्लास्टिक आहे ते. नागपूरच्या एप्रिलात दुपारी दोन वाजता त्याचा तवा होतो, हे मला, या गावात जन्म काढलेल्या बाईला, सुचलं नाही. सकाळी सातला आणि संध्याकाळी सहालाच आम्ही जायचो, मग कळणार कसं?

एप्रिलातल्या एका दुपारी कुलरसमोर माझा डोळा लागला. चारला उठले तर नवरा खुर्चीत बसलेला, केस ओले. म्हटलं, "हे काय?" म्हणाले, "आंघोळ केली. उकडून राह्यलं होतं." आमच्याकडे उन्हाळ्यात दोनदा आंघोळ कोण करत नाही? मी चहा ठेवायला गेले. एवढे तिखट माझे कान, त्यांना काही वेगळं ऐकू आलं नाही.

संध्याकाळी रोजच्यासारखं डाव्या पायाला तेल लावायला बसले. तळवा हातात घेतला आणि हात मागे घेतला. टाचेपासून बोटांपर्यंत फोड. उजवा तळवा नुसता लाल होता. डावा पाय घासत जातो, जास्त वेळ टेकलेला राहतो, म्हणून तो जास्त भाजला. मी विचारलं, "हे कधी? कसं?" ते खाली पाहत म्हणाले, "गेलतो टाक्यावर. चप्पल काढली कडेले. समजलंच नाही वं मले."

चप्पल काढली, कारण मी सगळ्या जगाला काढायला लावली होती. तो नियम माझा होता. त्या रात्री मी जेवले नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, आणि माझ्या माणसाला देवानं तेवढंही ठेवलं नव्हतं, असं वाटून मी देवालाही चार शब्द ऐकवले.

डॉक्टरनं पट्ट्या बांधल्या आणि महिनाभर पाणी नको म्हणून सांगितलं. मुलाला सांगावंच लागलं. तो ओरडला नाही, तेच वाईट झालं. एवढंच म्हणाला, "आई, आपलं बोलणं झालं होतं."

मेच्या पहिल्या आठवड्यात तो पेव्हरवाल्याला घेऊन आला. सकाळचे नऊ वाजलेले. नवरा मागच्या दारात चाकाच्या खुर्चीवर, डाव्या पायाला पांढऱ्या पट्ट्या. पेव्हरवाल्यानं टेप काढला आणि कडेशी येऊन, काय सांगू बापा, चप्पल काढली. मी म्हटलं, "घाला ती चप्पल, भाजाल." पण माझ्या आवाजात जोर नव्हता. करार माझाच होता. मी तोंड उघडणार नाही म्हणून बसले होते, आणि न उघडता बसणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं.

मुलगा बापाच्या खुर्चीशी उकिडवा बसला. "बाबा, राग नोका धरू. पडले असते तं मी म्हटलं असतं, चाला, सांभाळून जाऊ. पण तुमच्या पायाले आग लागली तरी समजत नाही. तुम्हाले एकटं कसं सोडावं? उद्या मोठं काही झालं तं?"

टेप टाक्याच्या लांबीवरून सरकत होता. नवरा त्याच्याकडे पाहत होता. मग म्हणाले, "समजलं होतं."

"काय?"

"चटका. डाव्याले नाही समजला. उजवा तं चांगला आहे ना माहा. पहिल्याच पावलाले समजलं."

मुलगा उभा राहिला. "मग परत काहून नाही फिरले?"

नवऱ्यानं उत्तर मुलाला दिलं, पण पाहिलं माझ्याकडे. "परत फिरलो असतो तं काठी वाजली असती दारात. ही उठली असती. मग हिनं मले पुन्हा एकट्याले जाऊ देलं असतं काय? डिसेंबरपासून मी एक पाऊल एकटा टाकलो नाही, बापा. सगळे म्हणते, बाबा चालून राह्यले, बाबा चालून राह्यले. मांगं हिचा हात राह्यते पट्ट्यापाशी. मी चालत नाही, ही चालवते मले." त्यांनी टाक्याकडे बोट केलं. "बाराच पावलं होती. म्हटलं, भाजले तं भाजले. पण गेलो. पाण्यात उतरलो, चाललो, आलो. एकटा."

"मग खोटं काहून बोलले?" मी विचारलं. तोंड उघडायचं नाही हे विसरले होते.

"तुह्या तोंडाले भेऊन."

मला आधी राग आला. असा राग आला, की खुर्चीसकट त्यांना आत ढकलून द्यावंसं वाटलं. मी टॉवेलनं गुडघा बांधून चालले, मी पात्यांवर हात फिरवून फिरवून दिशा ठरवली, मी सगळ्यांशी भांडले, आणि हा माणूस मला भिऊन भाजत गेला. मग तोच राग वळून माझ्यावर आला. तो माझा हात. मला वाटायचं, तो हात आहे म्हणून ते चालतात. दोन महिने मी तो हात काढला नव्हता. एकदाही विचारलं नव्हतं, काढू का?

पेव्हरवाला टेपचं टोक धरून उभा. शेवटी मुलगाच त्याला म्हणाला, "राहू द्या भाऊ. गुंडाळा टेप." मग बापाकडे वळून, "चप्पल घालून जायचं. दुपारी नाही. अन् मोबाइल गळ्यात." नवरा म्हणाला, "हाव." एवढ्या लवकर ते माझं कधीच ऐकत नाहीत.

बिछायतवाल्याला पुन्हा बोलावलं. त्याला फोड सांगितले तर तो पायरीवर बसूनच गेला. म्हणाला, "काकू, आमच्या लग्नात दुपारी गवतावर कोणी राह्यतच नाही, सगळे जेवायच्या हॉलात राह्यते. मले काय मालूम?" त्यानं चार पाइप रोवून बारा पावलांवर नर्सरीत असते तशी हिरवी जाळी ताणून दिली. पाण्याचा नळ कडेशी आणला, जायच्या आधी शिंपायला. मागून पट्टा असलेल्या जाड तळाच्या रबरी चपला मुलानं आणल्या. राहिलं एकच काम, ते मला करायचं होतं. मी माझी चप्पल घातली आणि सगळ्यांसमोर हिरवळीवर चढले. जेवणाच्या पंगतीतून चप्पल घालून चालल्यासारखं वाटलं. बिछायतवाल्यानं मान फिरवली. पण मी बारा पावलं गेले आणि दुसऱ्या पट्टीनं परत आले, आणि त्या दिवसापासून आमच्या कडेशी चपलांची ओळ लागत नाही.

फोड भरायला महिना लागला. डॉक्टरनं हो म्हटलं तेव्हा नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू होता. सकाळी साडेसहाला मी पाणी शिंपलं, तळवा टेकवून पाहिला, थंड होता. नवरा दारात आले. नव्या चपलांचे पट्टे त्यांनी खाली बसून स्वतः लावले, एका हातानं, पुरती पाच मिनिटं. मी हात पाठीमागे धरून उभी होते.

"तू आत जा," ते म्हणाले.

"खिडकीत थांबते."

"आत. अन् पाठ करून बस."

मी आत गेले. पाटावर बसून कांदे घेतले, दाराकडे पाठ केली. आणि मग माझ्या ध्यानात आलं, की कोटा फरशीवर काठी टक वाजायची आणि या हिरवळीवर काहीच वाजत नाही. मार्चभर हे मला कळलंच नव्हतं, कारण मी तेव्हा मागेच असायचे. आता मोजायला काही नव्हतं. मी मनात बारा मोजले. मग वीस. मग तीस. जाळीत एक चिमणी फडफडली, तेवढंच. पस्तीसला मी पाटावरून अर्धी उठले होते. एक हात जमिनीला टेकलेला, चाकू दुसऱ्या हातात. तशीच थांबले. ऑफिसातल्या त्या पहिल्या दिवशी शिकवलेलं, लाइन लागली की कान काढून घ्यायचा, ते आठवलं, आणि खाली बसले. अख्ख्या नोकरीत ते इतकं जड कधी गेलं नव्हतं.

मग कठड्याचं स्टील वाजलं. मग पाणी.

त्या टोकापर्यंत जाऊन परत आल्याचा आवाज आला, आणि ते तिकडून म्हणाले, "अवं, ऐकून राह्यली काय?"

"नाही," मी म्हटलं, आणि कांदा चिरायला घेतला.